जात्यावरून वहींत



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. मीहि शाळेंत तीस-बत्तीस वर्षें हाच इतिहास शिकविला आणि मुलांकडून सन पाठ करून घेतले. आज मात्र ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें तो ना तख्तावर घडला, ना रणांगणावर. तो चुलीपाशीं, माजघरांत, पहांटेच्या जात्याशीं आणि संध्याकाळच्या ओटीवर घडला. घरांतल्या साध्या आठवणींतून आपल्या भाषेला कांहीं मोठे ग्रंथ मिळाले आहेत. ते कसे मिळाले, कोणीं मिळविले, आणि मिळवितांना काय सांडलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

"आमच्या आजीला केवढें ठाऊक होतें!" असें आपण सगळेच म्हणतों. श्राद्धाच्या पंगतीला माणसें बसलीं म्हणजे एखादे वडीलधारे गृहस्थ गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट काढतात. चार जण हंसतात, दोघींच्या डोळ्यांना पदर लागतो, आणि ताक वाढून होतांच ती गोष्ट उष्ट्या पानांबरोबर उचलली जाते. सांगणारीं माणसें प्रत्येक घरांत असतात. दुर्मिळ असतो तो विचारणारा. आणि विचारल्यावर स्वस्थ बसून, मध्यें न बोलतां लिहून घेणारा त्याहूनहि दुर्मिळ. ज्या पुस्तकांचीं नांवें मी घेणार आहें त्यांच्या मुळाशीं बहुतेक ठिकाणीं असा एक दुसरा मनुष्य उभा आहे.

जुन्या कागदांना असा मनुष्य लाभला, हें आपणांस ठाऊकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड छापला आणि पुढें तिचे २२ खंड झाले. त्यांतले कितीतरी कागद लोकांच्या माळ्यांवरच्या, वाळवी लागलेल्या रुमालांतून आले. पण कागद निदान माळ्यावर पडून तरी राहतो. तोंडचा शब्द माळ्यावर ठेवतां येत नाहीं.

पेण तालुक्यांत वरसई म्हणून एक गांव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे तरुण भिक्षुक घरच्या कर्जानें गांजले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी कानीं आली आणि १८५७ सालीं ते आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेंतच बंडाची धामधूम उसळली. यज्ञ राहिला बाजूला, आणि हे दोघे ब्राह्मण एका संकटांतून दुसऱ्यांत पडत झांशीस जाऊन पोंचले. १८५८ सालीं सर ह्यू रोजनें झांशीस वेढा घातला तेव्हां ते शहरांत होते. तेथली लूट आणि कत्तल त्यांनीं दडून बसल्या जागेवरून पाहिली. मिळालेली दक्षिणा लुटारूंनीं एकदां नव्हे, अनेक वेळां हिरावून घेतली. परत येतांना द्रव्य फारसें नव्हतें. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती. त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें.

एवढें सगळें पाहिलेला हा मनुष्य पुढें पंचवीस वर्षें आपल्या गांवीं भिक्षुकी करीत होता. त्याच्या गोष्टी ऐकून लोक "काय हो एकेक प्रसंग!" म्हणत असतील आणि घरोघर जात असतील. वैद्यांच्या घराशीं गोडसेभटजींचा घरोबा होता. त्या घरांतले चिंतामणराव वैद्य तेव्हां तरुण होते. १८८३ च्या सुमारास त्यांनीं भटजींना आग्रह केला कीं, जें पाहिलें तें लिहून काढा. भटजींनीं लिहिलें. इंग्रज सरकारच्या धाकानें तें छापतां येईना. भटजी वारले, आणि १९०७ सालीं वैद्यांनीं 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला. बंडाच्या दिवसांत झांशींत असलेल्या, बंडखोरहि नव्हे आणि सरकारचाहि नव्हे अशा एका साध्या मराठी माणसाचें तें बोलणें आहे. दक्षिणा किती मिळाली, जेवण कसें झालें, कोणाच्या वाड्यांत आसरा मिळाला, याची नोंद तो राणीच्या वर्णनाइतक्याच मनापासून करतो. मला तर त्याची हीच बाजू अधिक मोलाची वाटते. सेनापतींचे खलिते पुष्कळ आहेत. भुकेल्या माणसानें लिहिलेला वेढा एखादाच.

परंतु येथें एक गोम आहे. वैद्यांनीं तें हस्तलिखित जसेंच्या तसें छापलें नाहीं. भटजींची भाषा त्यांना सारखी करावीशी वाटली. कांहीं मजकूर हलविला, कांहीं गाळला, कांहीं सजविला. जवळजवळ साठ वर्षें लोकांनीं तेंच वाचलें. पुढें १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखिताप्रमाणें पुस्तक काढलें, तेव्हां खरे विष्णुभट बोलूं लागले. वैद्यांना दोष द्यावयाला माझी जीभ रेटत नाहीं. ते न विचारते तर वरसईच्या स्मशानांत सगळी झांशी जळून गेली असती. तरी पण ज्यानें वांचविलें त्याच हातानें थोडें पुसलेंहि, ही गोष्ट मी मनांत धरून ठेविली आहे. ती कां, तें शेवटीं सांगेन.

आतां माजघरांत येऊं. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें, वय अवघें अकरा. माधवरावांनीं त्या लहान मुलीला लिहावयास-वाचावयास शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बायका रुष्ट झाल्या. दिवसा सासुरवास आणि रात्रीं धडे, अशी ती शाळा. १९०१ सालीं माधवराव गेले, आणि १९१० सालीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' बाहेर पडल्या. न्यायमूर्तींची कीर्ति सांगावी म्हणून त्यांनीं लेखणी धरली. पण वाचणाऱ्याच्या मनांत न्यायमूर्तींच्या सभांपेक्षां, सगळ्या बायकांचा अबोला सोसून रात्रीं पाटी घेऊन बसणारी ती मुलगीच घर करून राहते. येथें विचारणारा दुसरा कोणी समोर नव्हता. ज्यानें लिहावयास शिकविलें तो निघून गेला होता, आणि हातीं अक्षर ठेवून गेला होता. एवढेंहि पुरे झालें.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडाच्या संबंधांत फांशी झालें, आणि त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें. घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुऊन घ्यावयाची, असा तो प्रकार. त्या जाचानें आईचे आणि मुलांचे हाल झाले. अकराव्या वर्षीं लग्न. नवरा कवि, उदार, तापट आणि बेभरंवशाचा. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दोन ठिकाणीं फांकला. कांहीं वर्षांनीं ही बाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेली, आणि १९०० सालीं तिनेंहि तो धर्म घेतला. एवढ्या हकीकतीवर दुसऱ्या कोणीं रडवें पुस्तक लिहिलें असतें.

१९१९ सालीं टिळक वारले. मुलगा देवदत्त याच्या मनांत वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं साधन हवें म्हणून त्यानें आईला आठवणी लिहावयास सांगितलें. म्हणजे मागणी होती ती नवऱ्याच्या आठवणींची! आई लिहावयास बसली आणि तिच्या हातून सबंध घर उतरलें: सोंवळें वेडें झालेले वडील, सासरचीं माणसें, उसनवारी, आजारपणें, स्वतःचें भोळेपण, स्वतःच्या फजित्या, आणि कोणालाहि घरीं आणून ठेवणारा तो नवरा. बालकवि ठोंबरे यांना अहमदनगरास याच घरानें मुलासारखें संभाळलें होतें. 'संजीवनी' पत्रांतून हे लेख येऊं लागले आणि १९३४ ते १९३६ या काळांत 'स्मृतिचित्रें' चार भागांत पुस्तकरूपानें निघालीं. १९३६ सालींच लक्ष्मीबाई वारल्या. अखेरचा भाग मुलानें पुरा केला.

मीं हें पुस्तक प्रथम वाचलें तें शिक्षकाच्या चष्म्यांतून. वाक्यें लहान, शब्द घरगुती, अलंकार नाहींत. निबंधाच्या वहींत असें आलें असतें तर मीं लाल शाई चालविली असती. दुसऱ्यांदा वाचलें तेव्हां उमगलें कीं, या बाईला शाळा लाभली नाहीं म्हणूनच तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली नाहीं. आणि मुलानेंहि ती वाटूं दिली नाहीं. चरित्राचें साधन मागावयास गेलेल्या मुलाला भलतेंच, आणि त्याहून थोर, कांहीं मिळालें. तें त्यानें निमूटपणें स्वीकारलें. याला मी पुत्रधर्म म्हणतों.

याच सुमारास खानदेशांत एक दुसरी बाई जात्यावर आणि शेतांत गात होती. असोदें हें बहिणाबाई चौधरी यांचें माहेर, सासर जळगांवचें. जन्म १८८० चा. अक्षरओळख नाहीं. तिशींतच वैधव्य आलें, पदरीं तीन मुलें, पुढें भाऊबंदकी आणि शेतीचे कष्ट. सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट, चूल, पेरणी, माणसाचें ओढाळ मन, जें समोर येईल त्यावर त्या गात. आपण काव्य करतों हें त्यांच्या गांवींहि नव्हतें. दळण सरलें कीं गाणें सरलें. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ जें कानीं पडेल तें कागदावर टिपून घेत. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या. मग सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं. सोपानदेव स्वतः नांवाजलेले कवि. नागर मराठींत कविता लिहिणाऱ्या या मुलानें आईचे शब्द खानदेशी तेच ठेवले. ज्यानें कधीं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्यालाच ही गोष्ट किती कठीण हें कळेल. टिपून न घेतलें असें किती गेलें असेल, त्याला मात्र हिशेब नाहीं.

साने गुरुजी हे तर आमच्याच पेशाचे. अमळनेरच्या शाळेंत सहा वर्षें त्यांनीं शिकविलें. 'श्यामची आई' त्यांनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत लिहून काढली. त्या पुस्तकाची मांडणीच पाहा. रोज रात्रीं सोबतीं जमतात, आणि श्याम सांगूं लागतो. लिहितांना समोर ऐकणारे नसले तरी त्यांनीं ते कल्पून घेतले. याच गुरुजींनीं पुढें गांवोगांवच्या बायकांकडून ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलें. सुना आणि सासुरवाशिणी ज्या ओव्या आपल्या नवऱ्यालाहि सांगत नसत त्या त्यांनीं या अविवाहित माणसाला सांगितल्या, हें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे. त्यांनंतर कितीतरी वर्षांनीं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं या दोघांनीं खेड्यापाड्यांतून हेंच काम मोठ्या चिकाटीनें केलें. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं गोळा केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आज आंतरजालावर कोणालाहि वाचतां आणि ऐकतां येतात.

आतां मघाशीं ठेवलेली गोष्ट सांगतों.

आमचें घर माण तालुक्यांतलें, पाऊस कमी, बाजरीचा मुलूख. माझ्या लहानपणीं आई पहांटे दळीत असे आणि मी तिच्या मांडीवर डोकें ठेवून पडलेला असें. जात्याची घरघर कानाशीं आणि ओवी वर. त्या ओव्यांत आमचें सगळें घर होतें. विहिरींत पडून गेलेला माझा मामा होता. थोरल्या बहिणीचें, म्हणजे आक्काचें लग्न होतें. माझा पहिला नंबरहि होता. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां मी सातवींत होतों. आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. येतांना आमच्यासाठीं पदरांत सुकडी बांधून आणी. त्यावरहि तिनें ओव्या केल्या. मुकादम, हजेरी मांडणारा कारकून, आठवड्याचा पगार, हातांचे फोड, सारें त्यांत होतें. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली. जातें गोठ्याच्या मागें गेलें, आणि गळा असून ओवी गेली.

मी शिक्षक झाल्यावर, लग्नानंतर दोनचार वर्षांनीं, एका दिवाळींत माझ्या मनांत आलें कीं आईच्या ओव्या लिहून घ्याव्या. नवी वही आणली. आईला ओटीवर बसविलें. ती आठवून आठवून सांगूं लागली आणि मी लिहूं लागलों. पण लिहितां लिहितां माझ्यांतला मास्तर जागा झाला. 'न्हाई' होतें तेथें मीं 'नाहीं' लिहिलें. अक्षर कमी पडे तेथें भर घातली. दुष्काळाच्या ओवींत 'मस्टर' असा शब्द आला. ओवींत इंग्रजी शब्द कसा शोभेल? मीं तो काढून 'हजेरीपट' घातला, आणि मोठ्या ऐटीनें आईला ती ओवी वाचून दाखविली.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यें माजं न्हवं बाबा. ह्यें तुज्या साळंतलं हाय." आणि चहा टाकावयास आंत गेली.

रागावून नव्हे. तिला खरेंच वाटलें असावें कीं मुलाच्या वहींत जायचें तर असेंच जावें लागत असेल, आणि आपल्याला तें जमणार नाहीं. पुन्हां मीं दोनतीनदां विषय काढला तर "इसरली मी समदं" म्हणाली. विसरली नव्हती. आजारपणांत तापाच्या ग्लानींत ती गुणगुणत होती, आणि त्या वेळीं माझ्याजवळ ना वही होती, ना भान. आई जाऊन आज सोळा वर्षें झालीं. ती वही माझ्या कपाटांत आहे. अक्षर वळणदार आहे, शुद्धलेखनाची चूक एकहि नाहीं, आणि आई त्यांत कोठेंहि नाहीं. मीं शेकडों मुलांकडून 'माझी आई' या विषयावर निबंध लिहून घेतले आहेत.

आक्का आतां पंचाहत्तरीच्या पुढें गेली आहे. आईबरोबर जात्याला हात लावणारी तीच काय ती उरली. गेल्या संक्रांतीला मी तिच्याकडे गेलों. ओव्या सांग म्हटलें तर तिला एकहि आठवेना. "अरं, तशा न्हाई येत त्या," ती म्हणाली, "हातात खुंटा लागतो." मग तिच्या नातवानें आणि मीं मिळून गोठ्यामागचें जातें ओढून काढलें. तळी रुतून बसली होती आणि पाळूवर कोंबड्यांची घाण. धुतलें, पुसलें, नवा खुंटा ठोकला, माकणीला चिंधी गुंडाळली. नातवानें आपला मोबाईल उंबऱ्यावर उभा करून ठेवला. मीं वही घेतली नाहीं. मुद्दामच घेतली नाहीं.

आक्कानें मूठभर बाजरी घातली. प्रथम नुसतेंच फिरविलें. दम लागला, थांबली, पुन्हां फिरविलें. तिसऱ्या मुठीला तिच्या ओंठांतून कांहीं निघूं लागलें. आधीं देवाची, मग भावाची, मग माहेरची वाट. आणि मग ती दुष्काळाची ओवी आली. खडीच्या ढिगावर बसलेली आई, शाईनें काळा झालेला तिचा अंगठा, आणि पहिल्याच ओळींत तो शब्द, मीं खोडला होता तो: मस्टर.

नातू हळूच मला विचारूं लागला, "आजोबा, मस्टर म्हंजे काय?" मीं तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलें. जातें फिरत होतें.